सातव्या रिळातला थेंब

त्या अरुंद जिन्यावर दोघांची गाठ पडली तेव्हा तिच्या हातात पांढरे हातमोजे होते आणि त्याच्या डोक्यावर खोका.

बाहेर पाऊस रेंगाळला होता... निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. खोक्याला प्लॅस्टिक गुंडाळलेलं. खोका कोरडा होता, माणूस मात्र चिंब. ती डावीकडे सरकली, तोही डावीकडे. ती उजवीकडे, तोही उजवीकडे. शेवटी तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला,

"तुम्ही आधी. माझं डोकं अडकलंय."

ती ओठांच्या कोपऱ्यात हसली. बोलली मात्र नाही.

"माफ करा हं, आवाजाची खोली कुठे आहे?"

तिने वर बोट केलं.

"दुसरा मजला?"

मान हलली — नाही.

"तिसरा?"

मान हलली — हो.

"लिफ्ट आहे?"

यावर तिने अशा नजरेनं पाहिलं की त्याला उत्तर कळलं. "नाही. बरं." तो खोका सावरत एक पायरी चढला आणि थबकला. "तुम्ही रागावलात का? मी काही वेडंवाकडं बोललो?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि तेच बोट एकटं उभं धरलं.

"एक? एक वाजता? एक वाजता काय?"

पण ती खाली निघून गेली होती.

कामाच्या जागी सगळे तिला मौनी म्हणत. सकाळी कामाला बसल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा तिचा नेम होता. तो कुणी तिला लावून दिला नव्हता, तिचा तिनेच धरला होता. बोलायला लागलं की डोळे भरकटतात हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि तिचं तर सगळं काम डोळ्यांचं. त्या इमारतीत जुने, आजारी सिनेमे दुरुस्तीला येत. मौनीपुढच्या पडद्यावर चित्रपटाची एकेक चौकट यायची, आणि तिच्यावरची धूळ, ओरखडे, बुरशी ती कळेल न कळेल अशा हाताने पुसायची. धूळ आणि चित्र यांतला फरक ओळखायचा तिथे एक नियम होता. धूळ एका चौकटीवर बसते, पुढच्या चौकटीवर ती नसते. जो ठिपका चौकटीमागून चौकट आपली जागा सोडत नाही, तो चित्राचा. त्याला हात लावायचा नाही, आधी विचारायचं.

सध्या तिच्याकडे आलेला सिनेमा होता 'एक पाय पाण्यात'. हाताने काढलेल्या हजारो चित्रांचा, एका करकोच्याचा सिनेमा. पंख दुखावल्यामुळे थव्यामागे राहिलेला करकोचा दीपगृहाच्या म्हाताऱ्या राखणदाराकडे हिवाळा काढतो, एवढीच गोष्ट. पहिल्यांदा लागला तेव्हा आठवडाभरही टिकला नाही. ना पोरांचा, ना थोरांचा, असं लोक म्हणाले. मग पुढे टीव्हीवाल्यांना सुट्टीतल्या दुपारी भरायला काही नसे, म्हणून त्यांनी तो लावला. पुन्हा लावला. लावतच राहिले. आणि पोरं त्याच्यासमोर बसून वाढली. ती पोरं आता आपापली पोरं घेऊन तोच सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायला टपून बसली होती. ज्याला कुणी पाट दिला नव्हता, त्याच्यासाठी आता पंगत खोळंबली होती.

एक वाजला. जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी तो एकटाच डबा उघडून बसला होता.

"एक वाजला," मागून आवाज आला.

त्याला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला बोलता येतं."

"येतं. आई तर म्हणते, जरा जास्तच येतं."

"मग सकाळी —"

"नेम आहे. सुट्टीपर्यंत मौन."

"कुणावरच्या रागाने?"

"डोळ्यांवरच्या मायेने."

तो क्षणभर घास चावायचा विसरला. मग सरकून बसला आणि खिडकीखालची कोरडी पायरी त्याने तिला मोकळी करून दिली. तो आवाज दुरुस्त करणारा होता. त्याच 'एक पाय पाण्यात'ची खरखर काढायला त्याला या एकाच कामापुरतं बोलावलं होतं.

"मित्र मला कानसेन म्हणतात," तो म्हणाला. "गळा नाही ना. तानसेन व्हायची सोय नव्हती."

"मग सांगा ना... कसा आहे?"

"काय?"

"आवाज. मी तो कधी ऐकलेला नाही. माझ्या यंत्राला आवाज नाही. आणि लहानपणी आमच्या घरी तो सिनेमा लागला की बाबा टीव्ही बंद करायचे."

"का बरं?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "बाबांनीच त्यात रंग भरलेत. तो सिनेमा पडल्यावर त्यांनी ते काम सोडलं, शाळेत चित्रकला शिकवली. घरात त्या सिनेमाचं नाव निघत नाही. मी त्याच्यावर काम करतेय हेही त्यांना माहीत नाही."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मजा बघा. तुम्ही तो ऐकला नाही, मी पाहिला नाही."

"पाहिला नाही?"

"आमचा टीव्ही निम्मा मेलेला होता. आवाज यायचा, पडद्यावर नुसत्या मुंग्या. वडील म्हणायचे, नवा घेऊ. नवा यायच्या आत मी मोठा झालो. पुढे पाहता आला असता म्हणा... पण इतकी वर्षं मनात एक करकोचा होता. दुसराच निघाला तर?" तो डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिला. "एकच गोष्ट मला कळायला हवी आहे. सातव्या रिळात वारा आहे, वरून थवा जातो, मग सगळं शांत होतं. आणि त्या शांततेत — टप्. एक थेंब. तो कुठे पडतो? लहानपणी आईला विचारायचो. ती दरवेळी वेगळं सांगायची. पाऊस, फळ, नळ..."

"दीपगृहावर नळ?"

"आईला स्वयंपाकघरातून तेवढंच दिसत होतं."

मौनी हसली. आणि मग, का कोण जाणे, गंभीरपणे म्हणाली, "सातवं रीळ अजून माझ्याकडे यायचंय. आलं की सांगेन. शब्द देते."

नेम पाळणाऱ्या माणसाचा शब्द होता तो. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने थट्टा केली नाही.

त्या दिवसापासून खिडकीपाशी रोज एक रीळ. तिने चित्र सांगायचं, त्याने आवाज.

"तो दीपगृहाच्या पायऱ्या चढतोय," ती सांगायची.

"पाय ओले आहेत त्याचे. चप्... चप्... चप्... आणि मग एक चप् चुकते."

"तिथे तो घसरतो."

"हां! म्हणजे ती चूक नव्हती. मी रात्रभर तिच्या मागे लागलो होतो."

वारा म्हणजे काठीवरून ओढलेलं रेशमी कापड, हे तिला त्याने सांगितलं. सगळे आवाज त्याच्या गुरुजींनी केले होते. गुरुजी आता नव्हते, आणि होते तेव्हाही फार बोलायचे नाहीत. पंख म्हणजे काय, हे मात्र त्याने करूनच दाखवलं. कोपऱ्यात निथळत ठेवलेली तिची छत्री उचलली आणि उघडमीट, उघडमीट... फडफड करत जिन्यातून एक करकोचा उडून गेला. दोघांच्या तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडाले. तिने पदराने डोळे पुसले. तो पुसायचं विसरला, कारण तो तिच्याकडे बघत होता.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. चित्र बघतोय."

त्या दुपारी तिने एकाच चौकटीवरची एकच रेघ तीनदा पुसली.

सातवं रीळ आलं तेव्हा त्याची अवस्था वाईट होती. ओलीत पडून पडून त्याला बुरशी धरली होती. चौकटीचौकटीवर पांढरे ठिपके, पीठ सांडल्यासारखे. मौनी सकाळी बसली. हात चालायला लागला आणि मन... मन जिन्यात जाऊन बसलं. आज त्याला सांगायचं. काय म्हणेल? आज तो निळा सदरा घालून आलाय. सांगताना त्याच्याकडे बघायचं की खिडकीबाहेर? घड्याळाचा काटा हलत नव्हता, हात मात्र झरझर हलत होता. ठिपका पूस, पुढची चौकट, ठिपका पूस. तोंडाचं मौन तिने नेहमीसारखं पाळलं. मनाचं सुटलं होतं, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

एक वाजता तो डबा न उघडताच बसला होता.

"बोला. थेंब कुठे पडतो?"

आणि तेव्हाच तिला जाणवलं की सांगायला तिच्याजवळ काही नाही.

"करकोचा पाण्यात उभा आहे," ती सावकाश म्हणाली. "एका पायावर. वरून थवा परत जातो, त्याचाच. पाण्यात सावल्या सरकतात. कुणी खाली बघत नाही. तो उभाच राहतो... आणि मग दीपगृहाचा दिवा लागतो."

"आणि थेंब?"

"पाऊस नाही. फळ नाही. काहीच पडत नाही तिथे."

"नळ तर नाहीच," तो म्हणाला आणि हसला. "असू दे. गुरुजींचा धक्का लागला असेल एखाद्या भांड्याला. मी उगाच इतकी वर्षं..." त्याने डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकण लावलं. हसू तसंच ठेवलेलं होतं चेहऱ्यावर, घरमालक गावाला गेल्यावर ओसरीत जळत राहिलेल्या दिव्यासारखं.

दुपारी मौनीने त्या रिळाची मूळ, हात न लावलेली प्रत उघडली. आणि बुरशीच्या त्या पिठामध्ये, करकोच्याच्या चोचीच्या टोकाला, तो होता. एक पांढरा ठिपका. पुढच्या चौकटीत होता. त्याच्या पुढच्या चौकटीत होता. बाकीचे ठिपके उड्या मारत होते, हा जागचा हलत नव्हता. मग एका चौकटीत तो नव्हता. पडला होता.

तिने चित्र मोठं केलं. पांढऱ्याच्या खालच्या कडेला निळ्याची बारीकशी छटा. तिच्या शाळेच्या पुस्तकांच्या कव्हरांवर बाबा मांजरं काढून द्यायचे, त्यांच्या डोळ्यांतली चमक अशीच असायची. पांढरं, आणि खाली कळेल न कळेल असं निळं.

नियम तिला झोपेतही पाठ होता. आणि आज जागेपणी तिने तो मोडला होता.

तिसऱ्या मजल्यावर ती पहिल्यांदाच गेली. त्याने कानांवरचं यंत्र काढलं.

"मी पुसला," ती दारातूनच म्हणाली.

"काय पुसलं?"

"तुमचा थेंब. तो होता. चोचीच्या टोकाला होता. करकोचा रडतो तिथे... आणि मी धूळ म्हणून पुसून टाकला."

तो उठून उभा राहिला. "तुम्ही? तुम्ही तर —"

"माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

ती जमिनीकडे बघत राहिली. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि आवाजाच्या त्या खोलीत तेवढाच काय तो आवाज होता.

"एक वाजायची वाट बघत होतं," ती म्हणाली.

तो दाराशी आला आणि अगदी हलकेच म्हणाला, "मग निम्मी चूक माझी."

पण चूक वाटून घेतल्याने थेंब परत येत नव्हता. त्या जागेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी पाहिल्या आणि चष्मा काढला.

"मूळ प्रतीवरून परत आणता येईल, तो प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "पण एवढा पांढरा ठिपका मोठ्या पडद्यावर दिसणार. लोक म्हणतील, धूळ राहून गेली. दिग्दर्शक असते तर विचारलं असतं. आणि ते तर जन्मभर सांगत होते, करकोचा रडत नाही."

"आवाज आहे ना बाई, थेंबाचा," कानसेन म्हणाला.

"आवाज तुमच्या गुरुजींचा. ठिपका कुणाचा? ज्याने काढला त्याने स्वतः सांगू दे, मी ठेवते. पण उद्याच. परवा प्रत थिएटरात जाते."

संध्याकाळी बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. मौनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना बसायची तशी, आणि तिने सगळं सांगितलं. सिनेमाचं नाव घेतलं तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली.

"पुसलास ना?" ते म्हणाले. "बरं केलंस."

आणि ते आत निघून गेले.

"मी लग्नापासून विचारतेय," आई दारात येऊन हळूच म्हणाली. "काय झालं, काय झालं. दगडाला पाझर फुटेल, या माणसाला नाही. तू जेवून घे."

मौनीला घास गेला नाही. तिने एका माणसाला दिलेला शब्द मोडला होता, आणि दुसऱ्याची झाकलेली जखम उघडली होती. दोन्ही एकाच ठिपक्यापायी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात कानसेन, काखेत रेकॉर्डर, छत्री असून भिजलेला.

"हा कोण गं?" आईने विचारलं.

"आवाजवाला," मौनी म्हणाली. ती सुट्टी घेऊन घरीच होती, आणि तिला दारामागे लपावंसं वाटत होतं.

"दिसतो तर शांत," आई म्हणाली. "ये बाबा. पाय पूस. नाही, नुसता एक नको, दोन्ही."

बाबा खुर्चीत ताठ बसले. "तुम्ही मला समजवायला आला असाल तर —"

"नाही काका. मला समजावता येत नाही, मित्र हसतात. मी एक आवाज ऐकवायला आलोय. नको म्हणालात तर लगेच उठतो."

बाबा नको म्हणाले नाहीत. होही म्हणाले नाहीत. त्याने कळ दाबली. खोलीत वारा आला, रेशमी वारा. मग पंख, खूप पंख, डोक्यावरून जाणारे, लांब जाणारे... मग काहीच नाही. काहीच नाही. आणि मग —

टप्.

बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तो तिथेच थांबला.

"परत," ते म्हणाले.

त्याने परत लावलं.

"हे होतं त्यात?" बाबांनी विचारलं. "मी पहिल्या खेळाला होतो. मला ऐकू आलं नाही."

"पोरं फार गोंगाट करत होती का?"

"गोंगाट नव्हता. मी पडद्याकडे बघतच नव्हतो, लोकांकडे बघत होतो. तो भाग आला आणि पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. मग दुसरं. एका बाईने आपल्या लेकराला उचललं आणि ती निघून गेली. तिच्यामागे आणखी काही जण. मीही उठलो." मौनीने त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "दिग्दर्शकांनी सांगितलं होतं, अश्रू नको, करकोचा रडत नाही. त्यांचं बरोबरच होतं. पण सगळं रंगवून झाल्यावर मी बघत बसलो. तो एकटा उभा होता... मला बघवेना. चित्रं कॅमेऱ्याखाली जायच्या आधी मी त्यांवर तेवढा एक ठिपका ठेवला. कुणाला सांगितलं नाही. आणि मग सिनेमा पडला. इतक्या माणसांची इतकी वर्षं... माझ्या एका ठिपक्यापायी."

"कुणाला सांगितलं नाहीत, मग गुरुजींना कसं कळलं?" मौनीने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या मनात अजून पोचायचा होता.

"त्याने पाहिला असणार," ते हळूहळू म्हणाले. "रोज चहा बरोबर घ्यायचो आम्ही. एका शब्दाने बोलला नाही. आणि माझ्या ठिपक्याला... आवाज दिला त्याने."

पाऊस जरा ओसरला होता. कानसेन खुर्चीच्या कडेवर आला.

"काका, आमच्या टीव्हीला चित्र नव्हतं. मी नुसतं टप् ऐकायचो. आई म्हणायची, पाऊस पडला. मला ते पटायचं नाही. मग एकदा शाळेत खेळताना मला कुणीच आपल्यात घेतलं नाही. घरी आलो, तर हाच सिनेमा लागलेला. टप् वाजलं आणि मला वाटलं... मला कळलं, काय पडलं ते. त्यानंतर मी आईला विचारलं नाही. पण पाहिलं तर कधीच नव्हतं. म्हणून तुम्हाला विचारतो. मला बरोबर कळलं होतं का?"

बाबा खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले, एखाद्या विद्यार्थ्याच्या चित्राकडे बघावं तसे.

"बरोबर कळलं होतं," ते म्हणाले.

मग मौनीकडे वळले. "तुमच्या त्या बाईंना फोन लाव. म्हणावं, मी काढलाय. जाणूनबुजून."

आतून आईचा आवाज आला, जरा चिरका. "चहा झालाय. सगळ्यांचं रडून झालं असेल तर या. मी पण आलेच... डोळे धुऊन."

सिनेमा दुपारच्या खेळाला लागला. थिएटर गच्च भरलं होतं. मोठी माणसं पोरांपेक्षा जास्त उतावीळ. बाबांनी रांगेच्या कडेची खुर्ची धरली. कडेची का, ते मौनीला कळत होतं. आई त्यांच्या शेजारी, तिच्या शेजारी मौनी, आणि मौनीच्या पलीकडे तो.

दिवे गेले. वारा सुटला. तिने रोज शब्दांत ऐकलेला वारा असा अंगावर आला आणि ती शहारली. शेजारी तो श्वास रोखून बसला होता, कारण समोर करकोचा होता, मुंग्या नव्हत्या. "हाच आहे," तो एकदा पुटपुटला. "दुसरा नाही निघाला."

सातवं रीळ आलं. थवा आला. पाण्यात सावल्या सरकल्या. कुणी खाली बघितलं नाही.

"आता," मौनी कुजबुजली, आणि तिने डोळे मिटले.

टप्.

कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. मागच्या रांगेत एका दाढीवाल्याने घसा खाकरला. आणि पुढे एक लहान मूल रडायला लागलं. मौनीने डोळे उघडून बाबांकडे पाहिलं. त्यांचे हात खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर गेले होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईने त्या मुलाला उचललं... मांडीवर घेतलं, त्याच्या कानात काहीतरी म्हणाली, आणि पडद्याकडे बोट दाखवलं. ती उठली नाही. कुणीच उठलं नाही. दीपगृहाचा दिवा लागला. मूल हुंदके देत देत बघत राहिलं.

बाबांचे हात सैल झाले. ते खुर्चीत मागे टेकले, आणि आता पहिल्यांदाच त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

खेळ सुटला तेव्हा पाऊस होताच. बाबांभोवती माणसं गोळा झाली होती. मोठ्या बाईच त्यांना एकेकाला आणून भेटवत होत्या. मौनी आणि तो बाहेर छपराखाली उभे राहिले. समोर रस्त्यावर पाणी साचलेलं.

"बघितलंत?" तिने विचारलं.

"बघितलं. तुम्ही?"

"मी डोळे मिटले होते. चित्र मला पाठ आहे. घरी वाजला तेव्हा माझं लक्ष बाबांकडे होतं. थेंब खरा ऐकला तो आज."

"कसा वाटला?"

"जवळ पडल्यासारखा."

तो छत्रीची मूठ उगाच फिरवत राहिला. "माझं काम आज संपलं. उद्यापासून त्या जिन्यात मी नाही."

"हो." तिला हे माहीत होतं. सकाळपासून तिने त्याचा विचार न करायचा नेम धरला होता, आणि तो नीट पाळला गेला नव्हता. "रिळंही संपली."

"रिळं संपली... पण एक वाजायचा काही थांबणार नाही." त्याने छत्री उघडली, मिटली, उघडली. फडफड... फडफड... मग ती तशीच उघडी धरून तो छपराबाहेर उतरला आणि थेट डबक्यात पाय पडून उभा राहिला. "मला चित्रं कोण सांगणार? म्हणजे... मी विचारत होतो... रोज एक वाजता. आणि बाकीच्या वेळीही. तुझी हरकत नसेल तर... जन्मभर?"

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. तिने डोळे वर केले. त्याच्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, डबक्यातल्या त्याच्या एका बुटाकडे पाहिलं. आणि जिन्यातल्यासारखीच तिची मान हलली.

"नुसती मान काय हलवतेस?" मागून आई म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, देव जाणे. "एरवी एक वाजल्यावर आवरत नाहीस. तोंडाने सांग की. कानसेन आहे ना तो, त्याला ऐकू येतं."

मौनीचा चेहरा लाल झाला. ती छपराबाहेर, छत्रीखाली आली, आणि तिचाही एक पाय पाण्यात पडला.

"हो," ती म्हणाली.

तो निश्चल उभा होता. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, कानांवर यंत्र लावून बसल्यावर असायची तशी.

"ऐकू आलं ना?" तिने विचारलं.

"आलं," तो म्हणाला. "परत."